बुचाची चकती

रविवारी दुपारी, ऐन उड्डाणपुलाच्या चढावर, माझा ट्रक बंद पडला. आधी खोकला नाही, आचके नाहीत, काही तक्रार नाही. बोलता बोलता एखादा माणूस गप्प व्हावा तशी गाडी गप्प झाली. मी हँडब्रेक ओढला, खाली उतरलो आणि मागं खोळंबलेल्या हॉर्नांकडे पाठ करून बॉनेट उघडलं. आत सगळं जागच्या जागी होतं. लष्करानं लिलावात काढलेला हा ट्रक मी घेतला तेव्हा त्याच्या पुढच्या दिव्यात चिमणीचं घरटं होतं. तेव्हापासून त्याची एकेक नळी, एकेक तार माझ्या हाताखालून गेलेली आहे. एक स्कूटरवाला जाता जाता म्हणाला, "काका, हिला बागेत उभी करा, मुलं खेळतील." माझा स्वभाव तसा चिडका आहे, पण बंद पडलेल्या गाडीच्या मालकाला चिडायचा हक्क नसतो. थोड्या वेळानं, करून तर पाहू म्हणून, मी वर चढून सेल्फ मारला आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. बंद पडली तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं. जुनी गाडी, पडते बंद. पण ती आपली आपण सुरू झाली तेव्हा अंगावर सरसरून काटा आला. कशीबशी ती पुलाच्या पलीकडे उतरवली, शेडमध्ये उभी केली आणि घरी आलो तेव्हा हात धुवायचंही सुचलं नाही.

बाबा बाल्कनीत त्यांच्या खुर्चीत होते. नव्वदीला टेकलेले आहेत. सारा जन्म त्यांनी लष्कराच्या डेपोत मेकॅनिक म्हणून काढला, त्यामुळे रविवारी मी शेडमधून आलो की आज काय काय केलं ते विचारतात. आमच्यात बोलायला एवढा एकच विषय उरला आहे. माझा धंदा कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर हिरड्यांचे ठसे पाठवतात, मी त्यावरून दात बसवून देतो. बाबांची कवळीही माझ्याच हातची. ती ते जेवायला लावतात आणि बोलायला लावतात. बोलणं संपवायचं असलं की काढून शेजारच्या वाटीतल्या पाण्यात सोडतात. या वयात दार आपटून निघून जाणं जमत नाही, तेव्हा त्यांनी ही सोय करून घेतली आहे.

"आज बंद पडली," मी म्हणालो. "उड्डाणपुलावर."

"चढावर?"

"हो. आणि नंतर आपोआप सुरू झाली."

बाबा पुलाच्या दिशेला बघत राहिले. आमच्या बाल्कनीतून पूल दिसत नाही. "टाकीत किती होतं?" त्यांनी विचारलं.

"थोडंच होतं. का हो?"

त्यांनी कवळी काढली आणि वाटीत सोडली. संध्याकाळी जेवायलाही लावली नाही. बायको म्हणाली, "काय बोललात त्यांना?" मी म्हणालो, काही नाही, गाडीबद्दल बोललो. "मग बरोबर आहे," ती म्हणाली. ती त्या ट्रकला माझी धाकटी म्हणते, आणि धाकटीचं नाव निघालं की घरात काहीतरी बिनसतंच, असं तिचं मत आहे.

दादा लष्करात ड्रायव्हर होता. माझ्याहून बराच मोठा. मी शाळेत जात होतो तेव्हा तो मिशी राखून होता. डोंगरातल्या एका रस्त्यानं त्यांचा ताफा वर चालला होता आणि दादाची गाडी सगळ्यात शेवटी होती. चढावर ती बंद पडली. ताफ्याचा नियम असा की बंद पडलेल्यासाठी पुढच्यांनी थांबायचं नाही, मागून दुरुस्तीची गाडी येते. दुरुस्तीची गाडी आली तेव्हा ट्रक रस्त्याच्या कडेला नीट उभा होता, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडं होतं आणि दादा नव्हता. त्यांनी सेल्फ मारला तर ट्रक पहिल्या झटक्यात सुरू झाला. खालच्या छावणीपर्यंत न कुरकुरता आला. बिघाड नसलेली गाडी चढावर, ताफा पुढं निघून जाईपर्यंत, कोण थांबवतो? ज्याला पुढं जायचं नसतं तो. दोन माणसं आमच्या घरी आली. तो इथं आला होता का, काही निरोप आला का, असं त्यांनी आईला विचारलं, आणि त्यातल्या एकानं वाकून पलंगाखाली पाहिलं. ते वाकणं मला अजून दिसतं. मग त्यांनी बाबांना विचारलं, कारण तो ट्रक बाबांच्याच डेपोतून दुरुस्त होऊन गेला होता, की गाडीत काही दोष असू शकेल का. बाबा भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "आमच्याकडून दोष असलेली गाडी बाहेर पडत नाही."

तेवढ्यावर दादा पळपुटा ठरला. तो मेला असं कोणी म्हणालं नाही आणि जिवंत आहे असं म्हणायची सोय नव्हती. बाबांनी त्याचा फोटो भिंतीवरून उतरवला आणि ट्रंकेत तळाशी ठेवला. फोटोच्या जागी उरलेला फिकट चौकोन आई रोज पुसायची. गल्लीत कुठलीही गाडी थांबली, दूधवाल्याची का असेना, की ती हातातलं टाकून दाराशी यायची. शेवटच्या आजारपणात तिनं खाट दाराकडे तोंड करून घालायला लावली. शेवटपर्यंत तिच्या मनात दोनच गोष्टी असणार: एक तर मुलगा मेला, नाहीतर तो भेकड निघाला आणि लाजेनं घरी येत नाही. यातली कुठली खरी ठरावी अशी तिची इच्छा होती, हे तिला विचारायची माझी कधी छाती झाली नाही. आणि मी? मी या वयातही गर्दीत एखादा उंच म्हातारा पाठमोरा दिसला की पुढं जाऊन त्याचा चेहरा बघून येतो. लोक मला विचारतात, हा ट्रकचा नाद कुठून लागला? मी सांगतो, कोणी पत्ते खेळतं, कोणी कुंड्यांत गुलाब लावतं. खरं म्हणजे मला त्या सीटवर बसून पाहायचं होतं. तिथून पळून जावंसं वाटतं का, ते बघायचं होतं.

आमच्या शेडमध्ये दोन गाड्या असतात. दुसरी जीप, तीही लष्करातून निघालेली, एका औषधवाल्याची. त्याचं दुकान चांगलं चालतं, पण रविवारी तो दुकानात सापडत नाही. त्याला मी सगळं सांगितलं, दादाचं सोडून. तो म्हणाला, "बिघाड तीन जागीच असतो. ठिणगी, हवा नाहीतर पेट्रोल. एकेकाला बाद करत जा." मग आम्ही एकेकाला बाद करत गेलो. प्लग बदलले. कॉईल तापून दगा देत असेल म्हणून दुसरी बसवली. पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा काढून उजेडात धरला. त्यात टाचणीएवढंही छिद्र नव्हतं. कार्बोरेटर उघडून परातीत मांडला, एकेक भोक फुंकून साफ केलं. शेडमध्ये गाडी तासन्‌तास चालायची, इतकी गोड की औषधवाला तिच्याशेजारी खुर्ची टाकून डुलक्या काढायचा. आणि चढावर नेली की कधी बंद पडायची, कधी नाही पडायची. बंद पडल्यावर मी धावत उतरून काही तपासेपर्यंत बिघाड निघून गेलेला असायचा. "हिला मेकॅनिक नको, मांत्रिक बघ," औषधवाला म्हणाला. मी हसलो. पण त्यानंतर गाडीत एकटं बसायला मला नको वाटायला लागलं.

त्या ट्रकचं स्टिअरिंग दोन जागी झिजलेलं आहे. कुणा अनोळखी माणसाच्या तळहातांनी काळा रंग खाऊन खालचा धातू उघडा केला आहे. इतके दिवस मी त्याच दोन जागी हात ठेवून चालवत होतो आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. आता ती जागा हाताला कोमट लागायची. हा दादाचा ट्रक नव्हे, ते मला चांगलं ठाऊक होतं. त्या जातीचे शेकडो ट्रक होते आणि त्यातले कित्येक बाबांच्या डेपोतून गेले असतील. पण चढावर इंजिन गप्प झालं की जी शांतता पसरायची ती मला ओळखीची वाटायची. वरचं ताडपत्रीचं छप्पर फडफडायचं. पत्रा निवताना टक टक वाजायचा. शेजारून गाड्या वळसा घालून वर निघून जायच्या, आणि मी त्यांच्या मागच्या दिव्यांकडे बघत बसायचो. दादानं हेच पाहिलं असणार. त्यानं सेल्फ मारून पाहिला असणार, एकदा, दोनदा, बॅटरी बसेल म्हणून मग सोडून दिला असणार. मग उतरला असणार. थोडा वेळ आणखी थांबला असता तर? या प्रश्नापाशी मी रोज यायचो. कामावर समोर हिरड्यांचा ठसा असायचा, हातात मेण असायचं, आणि मी मनातल्या मनात दादाला सांगत असायचो, उतरू नकोस, बसून राहा, ती सुरू होणार आहे. एका बाईच्या कवळीत मी दोन सुळे एकाच बाजूला बसवले. डॉक्टरनी फोन करून विचारलं, तब्येत बरी आहे ना?

त्या सुळ्यांच्या दिवशीच, कवळी पुन्हा मेणात घालताना, बाबांचं बोलणं आठवलं. चढावर? टाकीत किती होतं? बिघाड शोधणारा माणूस असं विचारत नाही. तो आधी दहा ठिकाणी चाचपडतो, जसे आम्ही चाचपडत होतो. हे ज्याला उत्तर माहीत असतं त्याचे प्रश्न होते. माझ्या हातातलं मेण थंड होऊन गेलं. पुढच्या रविवारी मी टाकी गळ्यापर्यंत भरली आणि ट्रक पुलावर नेला. एकदा वर, एकदा खाली, पुन्हा वर. एकदाही बंद पडला नाही. मग पेट्रोल काढून घेतलं, तळाशी थोडं ठेवलं, आणि पुन्हा चढाला लावला. अर्ध्यात गप्प. थोड्या वेळानं सुरू. औषधवाल्याला मी म्हणालो, टाकी उतरवायची. तो कपाळाला हात लावून म्हणाला, आधी का नाही सुचलं? त्याला कसं सांगणार की आधीच सुचलेला माणूस माझ्या घरात बसला आहे.

टाकी उतरवून आम्ही ती विटांवर ठेवली, झाकण काढलं आणि बॅटरीचा उजेड आत टाकला. तळाशी उरलेल्या पेट्रोलवर काहीतरी गोल, तपकिरी तरंगत होतं. टाकी जरा कलती केली की ते सावकाश पेट्रोल बाहेर नेणाऱ्या नळीच्या तोंडाशी जायचं. औषधवाला म्हणाला, "अरे, हे तर बूच आहे." मी तारेचा आकडा करून ते मुश्किलीनं तोंडातून बाहेर काढलं. बुचाची चकती, तळहातात मावेल एवढी, पेट्रोलनं काळपट झालेली. तिच्या कडेजवळ एक गोल वळ होता. ठसे वाचणं हा माझा धंदाच आहे. कितीतरी वेळा नळीनं तिला ओढून तोंडाशी चिकटवलं होतं आणि कितीतरी वेळा सोडलं होतं. इंजिन बंद पडलं की ओढ संपते, चकती सुटून वर तरंगते, पेट्रोल मोकळं होतं. बघायला जावं तर बिघाड नाही. टाकी भरलेली असली तर चकती वरच राहते. टाकी रिकामी होत आली आणि चढ लागला की ती बरोबर तिथं जाऊन बसते. मी तिची कड बोटानं चाचपली. तिरपी कापलेली होती, आतल्या अंगाला निमुळती. कवळी कुणाच्या हातची आहे ते मी दुरून सांगतो, आणि ही कड तर मी लहानपणी रोज हाताळलेली होती.

डेपोत ट्रक महिनोन्‌महिने उभे असायचे. पेट्रोल चोरीला जाऊ नये म्हणून टाक्या रिकाम्या करून झाकणं कुलपात ठेवत, आणि धूळ जाऊ नये म्हणून टाकीच्या तोंडात बुचाची चकती दाबून बसवत. त्या चकत्या बाबा कापत. गाडी बाहेर निघताना चकती काढायची, डब्यात टाकायची, झाकण लावायचं. काढताना ती आत निसटली तर बाहेरून कुणाला दिसायची नाही. बिघडलेल्या चकत्या ते घरी आणत, आणि दादानं मला त्यांची चाकं करून लाकडी ट्रक बनवून दिला होता. मधोमध खिळ्यानं भोक पाडलं की झालं चाक. दादा गेल्यावर एक चाक तुटलं. मी बाबांच्या पिशवीतून नवी चकती काढली तर तिच्या मध्यातून लाल दोरी ओवलेली होती, गाठ मारून, वीतभर शेपटी सोडलेली. पूर्वी नव्हती. मी दोरी उपसून टाकली आणि चाक बसवलं. बाबांनी ते पाहिलं आणि मला मारलं. त्याआधी कधी मारलं नव्हतं, त्यानंतरही नाही. पुढं घरात सगळ्यालाच शेपट्या आल्या: तेलाच्या बाटलीच्या बुचाला, मोरीच्या बोळ्याला, औषधाच्या शिशीला. लाल दोरी, दुसरं टोक बाटलीला नाहीतर नळाला बांधलेलं. आई म्हणायची, "या घरात शेपूट नसलेली मीच एकटी उरलेय, मलाही एक लावा." आम्ही हसायचो. बाबा हसत नसत. मी हे माझ्या बायकोला गंमत म्हणून किती वेळा सांगितलं असेल.

माझ्या हातातल्या चकतीला दोरी नव्हती. दोरीचं भोकही नव्हतं. म्हणजे ती दादा जाण्याआधीची होती, आणि दोऱ्या कशासाठी आल्या ते मला आता कळलं. मी शेडमध्ये पाण्याच्या पिंपावर बसलो आणि मला रडू आलं. राग नंतर आला. आधी नुसतं इतकंच वाटलं की दादा पळाला नव्हता. गाडी खरंच बंद पडली होती. तो उतरून, कोणी भेटेल म्हणून, पायी निघाला असणार, आणि त्या डोंगरात कुठंतरी चालायचा थांबला असणार. औषधवाल्यानं टाकी धुतली, बसवली, आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला.

घरी आलो. बाबा बाल्कनीत होते, कवळी वाटीत होती. मी चकती त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. आधी त्यांचा अंगठा तिच्या मध्यावर गेला आणि तिथं काहीतरी शोधत फिरला. मग त्यांनी डोळे मिटले. मी समोर बसून राहिलो. माझ्या मनात बोलायला पुष्कळ होतं, फिकट चौकोनाबद्दल, दाराकडे वळवलेल्या खाटेबद्दल, आणि त्यातलं एकही वाक्य मला सुरू करता येईना. शेवटी त्यांनीच हात पुढं केला, वाटीतून कवळी उचलली आणि लावली. मी मदत केली नाही.

"डब्यात सगळ्या चकत्या परत यायच्या," ते म्हणाले. "त्याच्या गाडीची आली नव्हती."

"तुम्हाला केव्हा कळलं?"

"ते विचारायला आले तेव्हाच. बोलत होतो आणि आठवलं."

"मग तरी?"

"आधी नोकरीची भीती वाटली," बाबा म्हणाले. "नंतर तुझ्या आईची."

आत बायको भांडी लावत होती, ती थांबली. मी उठून कठड्याशी गेलो. मला त्यांना काहीतरी फार वाईट बोलायचं होतं आणि ते बोललो असतो तर ते त्यांनी ऐकून घेतलं असतं, म्हणूनच बोलवेना. मागून त्यांनी विचारलं, "आता नीट चालते का?"

"चालत असेल."

"मला बसव तिच्यात."

पुढच्या रविवारी आम्ही त्यांना नेलं. बायकोनं आणि औषधवाल्यानं धरलं, स्टुलावर स्टूल ठेवलं, मी वरून ओढलं. माझ्या शेजारच्या सीटवर ते मांडीवर हात ठेवून ताठ बसले. कवळी लावलेली होती. टाकीत मी मुद्दाम थोडंच पेट्रोल ठेवलं होतं. ट्रक पुलाच्या चढाला लागला, मी खालचा गिअर टाकला, आणि बाबा मान वाकडी करून इंजिनाचा आवाज ऐकायला लागले. गाडी चढत राहिली. खरं सांगतो, ती बंद पडावी असं मला वाटत होतं. पुन्हा एकदा तरी आपली आपण पडावी. ती जागा आली आणि इंजिन तसंच गुरगुरत पुढं चाललं.

"इथंच का?" बाबांनी विचारलं.

"इथंच."

"थांब."

"बाबा, मागं गाड्या आहेत."

"असू देत. बंद कर."

मी हँडब्रेक ओढला आणि स्विच बंद केला. तीच शांतता आली. ताडपत्री फडफडली, पत्रा टक टक वाजायला लागला. मागं हॉर्न सुरू झाले आणि मग एकेक गाडी आम्हाला वळसा घालून वर जायला लागली. बाबा प्रत्येक गाडीकडे बघत होते, ती चढावरून दिसेनाशी होईपर्यंत, मग पुढचीकडे. त्यांचा हात दाराच्या कडीवर होता, पण त्यांनी ती ओढली नाही. एक मोटारसायकलवाला बाबांच्या बाजूला येऊन थांबला, पाय टेकला आणि जरा त्रासूनच वर बघत म्हणाला, "काय झालं, आजोबा?"

बाबा खिडकीतून वाकले. "गाडी बंद पडली," ते म्हणाले. "दोष गाडीत आहे. माझ्या पोराची काही चूक नाही."

मोटारसायकलवाल्यानं त्यांच्यापलीकडे माझ्याकडे पाहिलं, माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, आणि त्याला हसू आलं. "बरं बरं," तो म्हणाला. "माझ्याकडून पोराला माफ." तो गेला. बाबा तसेच खिडकीबाहेर बघत होते आणि तेच वाक्य पुन्हा, आता कुणालाच नाही, सावकाश म्हणत होते. मी त्यांचं म्हणून होईपर्यंत थांबलो, आणि मग सेल्फ मारला.